अनाचे हातमोजे

मागच्या महिन्यात आमची कॉलनीतली गँग तब्बल पंचवीस वर्षांनी पुण्यात भेटली. क्रिकेटमध्ये फोडलेल्या काचा, गणपतीतली नाटकं, सायकलवरून मारलेल्या सिंहगडाच्या चकरा... सगळं उगाळून झालं. आणि मग ‘ती’ सगळ्यांसमोर अगदी सहज म्हणाली, "दहावीत हा रोज आमच्या आईकडे भूमितीचं पुस्तक मागायला यायचा. ह्याच्याकडे स्वतःचं होतं की!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना डोक्यात एकच किडा... म्हणजे हिला तेव्हापासून माहीत होतं?

त्या रात्री झोप काही येईना. आणि आठवली ती अना.

ही गोष्ट मुंबईतली, १८७८ सालची. रवींद्रनाथ ठाकूर तेव्हा सतरा वर्षांचे. दाढी नाही, नोबेल नाही. शाळेत कधीच मन न रमलेला, लाजाळू मुलगा. त्याला विलायतेला पाठवायचं घरच्यांनी ठरवलेलं. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, म्हणजे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय, तेव्हा अहमदाबादला जज्ज होते. धाकट्याला फाडफाड इंग्रजी बोलता यावं, साहेबी रीतभात कळावी म्हणून त्यांनी त्याला मुंबईत एका मित्राच्या घरी ठेवलं.

हे मित्र म्हणजे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यातलं पुढचं नाव. ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात ते दादोबा पांडुरंग ह्यांचे सख्खे भाऊ. आणि रवीची शिकवणी घेणारी होती डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजेच अना. इंग्लंडला राहून आलेली, त्याच्यापेक्षा काही वर्षांनी मोठी. त्या काळात!

विद्येत तिच्यापुढे आपला टिकाव लागणार नाही हे पठ्ठ्याने लगेच ओळखलं. मग जवळ होतं तेच भांडवल पुढे केलं, कविता. अनाने त्याच्याकडून एक खास नाव मागून घेतलं. त्याने दिलं, ‘नलिनी’. नुसतं दिलं नाही, गाण्यात गुंफून दिलं.

आता हातमोज्यांची गोष्ट. ती स्वतः रवींद्रनाथांनीच १९२७ साली दिलीपकुमार रॉय यांना सांगितलेली. अना एकदा त्याला म्हणाली, की झोपलेल्या मुलीचे हातमोजे जो चोरेल त्याला तिचं चुंबन घ्यायचा हक्क मिळतो. एवढं सांगून बाईसाहेब आरामखुर्चीत झोपी गेल्या. जाग आल्यावर बघतात तर हातमोजे जिथल्या तिथे! वाचताना हसू येतं, आणि मग येत नाही. कारण आपल्यापैकी अर्ध्याअधिक लोकांचे हातमोजे असेच जिथल्या तिथे राहिलेत, नाही का?

जेमतेम दोन महिन्यांचा मुक्काम. सप्टेंबरमध्ये रवी बोटीने इंग्लंडला गेला. १८८० साली अनाचं लग्न झालं, बडोद्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हॅरॉल्ड लिटलडेल यांच्याशी. १८९१ मध्ये ती एडिंबरोला वारली. अकालीच.

रवींद्रनाथ मात्र तिला विसरले नाहीत. १८८४ च्या त्यांच्या एका नाटकाचं नावच ‘नलिनी’. आणि १९४० साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लहानपणीच्या आठवणींचं ‘छेलेबेला’ लिहिलं, त्यातही ती आहे. कधी दाढी वाढवू नकोस, चेहरा झाकला जाईल, असं ती म्हणाली होती म्हणे. तिचं ऐकलं नाही हे सगळं जग बघतंच आहे. पण ते बघायला तीच उरली नाही, असं म्हातारा मिश्कीलपणे लिहून जातो.

इथपर्यंतची गोष्ट मी चार मित्रांना चार वेळा सांगितली असेल. पण त्या रात्री पहिल्यांदाच जाणवलं, की ही सगळी त्याची आठवण आहे. आमच्या भाषेत, लॉग एकाच सर्व्हरचा. हातमोजे त्याने सांगितले, दाढी त्याने सांगितली. तिने काय सांगितलं असतं?

तिच्या बाजूने हाती लागतात त्या दोनच गोष्टी. लिहिताना तिने ‘अनाबाई नलिनी’ हे नाव लावलं. आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीतल्या एका मुलाचं नाव ठेवलं गेलं रवींद्रनाथ. बस्स. ह्यातून ज्याने त्याने काय ते समजावं.

मीसुद्धा इतकी वर्षं माझी गोष्ट एकट्याचीच धरून चाललो होतो. म्हणजे मी तिकडे जायचो, मी घाबरायचो, मी बोललो नाही. ती त्यात नुसती दार उघडण्यापुरती!

त्या दिवशी निघताना पार्किंगमध्ये ती हळूच म्हणाली होती, "आई पुस्तक आतल्या कपाटात ठेवायची. मी आणून बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. तुला बरं पडावं म्हणून." आणि गाडी काढून गेली.

असो. उद्या रविवार. आईकडे माळ्यावर माझं भूमितीचं पुस्तक अजून असेल. बघतो सापडतंय का. कोरं करकरीत असणार!