मृत्युपत्र, घर आणि भाडेकरू

१८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टाने मुंबई शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटचा नियम लावला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने तो पुढे चालविला. मात्र मिळकत मृत्यूच्या क्षणीच एक्झिक्युटरकडे येई, आणि प्रोबेट मिळाले की त्याने मधल्या काळात केलेले व्यवहारही वैध ठरत. त्यामुळे मोडकळीला आलेले घर 'आहे त्या स्थितीत' विकण्याची वाट मोकळी राहिली.

पण 'आहे त्या स्थितीत' म्हणजे काय? पडकी भिंत आली, तसा भाडेकरूही आला! मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने दिलेले संरक्षण १९९९ च्या कायद्यातही टिकले. चाळकऱ्यांना मी हेच सांगत आलो: खरेदीखताला भिऊ नका, भाडेपावती जपा. वारशाने घर मिळते. त्यात राहणारी माणसे मिळत नाहीत.