घराची मांडणी : कोकणातल्या ओटीपासून दिमोनातल्या फ्लॅटपर्यंत

गेल्या वर्षी आम्ही दिमोनातल्या आमच्या जुन्या घराचे काम काढले. मुलाने नकाशा तयार करून आणला. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत पाडायची, बैठकीच्या मधोमध कोपऱ्यात वळणारा मोठा सोफा ठेवायचा आणि त्याच्यापुढे काचेचे टेबल. कब्लानलाही बेत पसंत पडला. आमच्या मातोश्रींनी मात्र कागद निरखून एकच प्रश्न केला, "मलिद्याला माणसं कुठं बसवणार?"

नकाशात या प्रश्नाला उत्तर नव्हते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज हेच चालले असेल, म्हणून आपल्या लोकांनी आजवर घरे कशी मांडली याची थोडी उजळणी करावी असे आम्हांस वाटले.

कोकणातले आपले पूर्वज तेल गाळीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली हे नाव पडले, हे सर्वश्रुत आहे. घाण्याभोवती बैल फिरायचा तर त्याला गोल मोकळी जागा हवी. ती पडवीत किंवा अंगणातल्या मांडवात असे. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसू, ही रचना शेजारच्या इतर कोकणी घरांसारखीच होती. सामान म्हणाल तर पाट, चटया, एखादा पेटारा आणि भांड्यांची उतरंड. माजघराचा मधला भाग रिकामाच राही. तिथेच जेवणे होत, तिथेच बाळंतिणीची खाट पडे आणि रात्री तिथेच अंथरुणे पसरत.

वेगळेपण होते ते सणांत. किप्पुरच्या दिवसाला आपले लोक दारफाळणीचा सण, म्हणजे दारे बंद करण्याचा सण म्हणत. स्नान करून, पांढरे कपडे घालून घरचे सगळे आत जात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवीत नसत. म्हणजे वर्षातून एक दिवस घराला लहानथोर सर्वांना एकत्र सामावून घ्यावे लागे. वल्हांडणाला अनेक घरांत बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर ठसा उमटवीत आणि तो दारावर लावीत. शुक्रवारी संध्याकाळी खोबरेल तेलाचा काचेचा दिवा टांगला जाई. दार, टांगता दिवा आणि मधली मोकळी जागा, एवढ्यावर आपले घर ओळखू येई.

पुढे मंडळी मुंबईस आली. समाएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात पहिली मशीद बांधली आणि तिच्या आसपास इस्रायल मोहल्ला वसला. नंतर उमरखाडी, भायखळा, नागपाडा येथे आपली बिऱ्हाडे वाढली. चाळीतली खोली केवढी? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने वरळी-नायगावला बांधलेल्या चाळींत एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे १५ चौरस मीटरांची असे. एवढ्यात मोरी, चूल, पोटमाळा आणि सातआठ माणसे! खाट असलीच तर एक, तीही वडीलधाऱ्यांसाठी, तिच्याखाली ट्रंका. बाकी सारे गुंडाळून ठेवण्याजोगे. माजघर जाऊन खोली आली तरी मधली जागा राहिली. मलिद्याच्या दिवशी गाद्या शेजाऱ्यांकडे जात, खाली पांढरी चादर पसरली जाई, पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मध्ये ठेवून माणसे भोवती मांडी घालून बसत. भारतातून यरुशलेम पश्चिमेला, म्हणून तोंडे पश्चिमेकडे. एलियाहू हन्नावींची तसबीरही आमच्याकडे त्याच भिंतीवर होती.

१९४८ नंतर आपण इस्रायलला येऊ लागलो. दिमोना १९५५ साली वसले. नव्याने आलेल्यांना सोख्नूतकडून लोखंडी खाटा मिळत; आमच्या घरातली एक अजून गच्चीवर पडून आहे. सरकारी वसाहतीतले त्या काळचे फ्लॅट लहानच, पण चाळीतून येणाऱ्याला दोन खोल्या आणि स्वतःचा संडास म्हणजे वाडाच वाटे. हाती पैसा आला तशी कपाटे आली, सोफे आले, काचेची शोकेस आली आणि मधली जागा हळूहळू भरत गेली. १९७७ साली बेगिन सरकारने जुन्या वस्त्या सुधारण्याची योजना जाहीर केली. तिच्यामुळे अनेक घरांना खोल्या जोडल्या गेल्या, पण बहुधा त्या खोल्याही सामानानेच भरल्या.

आमच्या वडिलांनी तसबीर इथेही सवयीने पश्चिमेच्या भिंतीला लावली. दिमोनाहून यरुशलेम उत्तरेला, अश्दोदहून पूर्वेला, हैफाहून दक्षिणेला. भिंत बदलायला हवी हे लक्षात यायला आम्हांला कित्येक वर्षे लागली!

म्हणून घराचे काम काढणाऱ्यांना आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चौकटीच्या कागदावर दोन सेंटिमीटरला एक मीटर या मापाने घर काढावे, सामानाचे तुकडे त्याच मापाने कापावेत आणि ते सरकवून पाहावेत. आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडाव्यात : दारे, खिडक्या, पाण्याचे नळ. १९९२ पासून नव्या घरांत ममाद सक्तीची आहे. असल्यास तिच्या भिंतींना हात लावता येत नाही. येण्याजाण्याची वाट ८०-९० सेंटिमीटर ठेवावी. दहाबारा माणसे मांडी घालून गोल बसायची तर सुमारे तीन मीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा लागते. तेवढा तुकडा सर्वांत आधी कापून कागदावर ठेवावा, सोफा मागाहून. काम सुरू होण्यापूर्वी मेझुझा काढून सोफेरकडून तपासून घ्यावी. भिंत पाडली की जुने दार उरत नाही, कधी नवेच तयार होते. तिथे मेझुझा लागते की नाही हे रब्बींना विचारावे.

आमच्या घराचे शेवटी काय झाले? भिंत पाडलीच, कारण त्यामुळे जागा वाढली. सोफा मात्र सरळ, भिंतीला लागून. काचेच्या टेबलाऐवजी दोन हलके चौरंग आणले. तसबीर उत्तरेच्या भिंतीवर गेली. काम संपल्यावर पहिला मलिदा झाला तेव्हा चौदा माणसे खाली बसली. गुडघे दुखणारी सोफ्यावर बसली, त्यांत खुद्द मातोश्रीही होत्या. ताट मध्ये ठेवल्यावर त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, "आता झालं बघ घर."