बदाम-दाण्यांच्या पिठाची तिखट-मिठाची बिस्किटं : शुगरचा हिशेब वेगळा, वजनाचा वेगळा

बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, कुठल्याही बेकरीत संध्याकाळच्या चहासाठी खारी, टोस्ट, बटर, जिरा बिस्किटं मिळतात. या सगळ्यांचा पाया एकच, मैदा. घरात डायबेटिसचा पेशंट असला की पहिली गदा यांच्यावरच येते. आणि असे पेशंट आता घरोघरी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला होता. सर्वात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे मैद्याऐवजी बदाम, शेंगदाणे, नारळ यांच्या पिठाची बिस्किटं करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ही पिठं वापरायची कशी आणि त्यात सांभाळायचं काय, याची ही माहिती.

कोणत्या पिठात किती कर्बोदकं?

फायबर वगळून १०० ग्रॅममागे अंदाजे आकडे असे :

- गव्हाचं पीठ : ६० ते ६५ ग्रॅम
- काजू : सुमारे २५ ग्रॅम
- शेंगदाणे : १० ते १५ ग्रॅम
- बदाम : सुमारे १० ग्रॅम

गोव्याकडच्या मंडळींनी काजूचा आकडा नीट पाहावा. घरचे काजू आहेत म्हणून त्याचंच पीठ केलं, तर कर्बोदकं बदामाच्या अडीचपट होतात. गोव्याच्या पोईत कोंडा असतो हे खरं, पण पीठ शेवटी गव्हाचंच. तिची गणती कमी कर्बोदकांच्या पदार्थात होत नाही.

बदाम महाग पडतात. शेंगदाणे त्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि दाण्याचं कूट तर आपल्या स्वयंपाकघरात कायमच असतं. दोन्ही निम्मं-निम्मं घेतलं तर खर्च बराच खाली येतो. चवही तिखट-मिठाला जास्त शोभते.

पीठ घरी दळताना

बदाम गरम पाण्यात घालून सोला, पूर्ण वाळवा आणि मगच दळा. मिक्सर सलग चालवू नका. थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. नंतर चाळून घ्या. दाणे सालं निघतील इतपतच भाजा, कारण खरपूस भाजलेलं कूट भट्टीत लवकर करपतं. बुरशी आलेले, काळपट किंवा सुरकुतलेले दाणे निवडून टाका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. तेलकट पीठ लवकर खवट होतं, तेव्हा हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

नारळाचं दूध काढून उरलेला चोथा वाळवून दळला की तेही पीठच. पण ते पाणी फार शोषतं. बदामाच्या पिठाइतकंच घेतलं तर बिस्किट कोरडं ठणठणीत होईल. सुरुवात पाव भागाने करा आणि पाणी वाढवा.

बिस्किट फुटतं का?

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. ते कणीक ताणून धरतं. या पिठांमध्ये ते नाही, म्हणून मळून मळून काही साधत नाही. बांधायला अंडं लागतं. अंडं चालत नसेल तर इसबगोल घ्या. गुजरातेत उंझा, सिद्धपूर ही त्याची मोठी बाजारपेठ, पण मिळतो तो सगळीकडे. पाण्यात पडला की त्याचा चिकट गोळा होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो.

प्रमाण आणि कृती

बदामाचं पीठ १०० ग्रॅम, दाण्याचं बारीक कूट १०० ग्रॅम, १ अंडं (किंवा १ मोठा चमचा इसबगोल आणि ४ मोठे चमचे पाणी, १० मिनिटं भिजवून), अर्धा छोटा चमचा मीठ, ओवा, जिरं, तिखट, थोडे तीळ.

सगळं एकत्र करून गोळा करा. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून साधारण ३ मिलिमीटर जाड लाटा. लाटतानाच सुरीने २४ तुकडे पाडा. ओव्हन आधी तापवून १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. कडा आधी लाल होतात. त्या काढून मधले तुकडे आणखी २-३ मिनिटं ठेवा. गरम असताना मऊ लागतील. गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

दोन खाती वेगळी ठेवा

या पूर्ण घाण्यात कर्बोदकं २० ते २५ ग्रॅम. ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत साधारण १९ ग्रॅम असतात. म्हणजे २४ बिस्किटं मिळून सव्वा पोळी. हा झाला शुगरचा हिशेब.

आता दुसरं खातं. याच घाण्यात १२०० च्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे एका बिस्किटात ५०. दोन बिस्किटं खाल्ली की एका पोळीच्या कॅलरी पोटात गेल्या. ‘शुगर वाढत नाही’ म्हणून डबा समोर घेऊन बसलं तर वजन वाढणार, आणि वजन वाढलं की शुगर आटोक्यात ठेवणं आणखी अवघड. चहाबरोबर दोन-तीन बिस्किटं पुरेत.

कोणी सांभाळावं?

इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करू नका. औषधाचा डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचा त्रास असलेल्यांनीही विचारूनच खावं. शेंगदाणा, बदाम, तीळ यांची ॲलर्जी काहींना गंभीर असते, त्यामुळे पाहुण्यांपुढे ठेवताना किंवा मुलांच्या डब्यात देताना त्यात काय आहे ते सांगा. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी करत असाल, तर गहू दळलेल्या गिरणीतून हे पीठ दळून आणू नका.