आपला आजार कोणी सांगावा?



परतवाड्याच्या आसपास कोठारा म्हटले की कुष्ठरोग्यांचे रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. तेव्हा रोगाला जडलेली लाज कशी असते, हे आपल्या वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. कुष्ठरोग्याच्या अंगावरचा चट्टाच पुष्कळदा त्याची बातमी फोडी. १८९८ च्या इंग्रजी कायद्याने तर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला वॉरंटावाचून पकडण्याची मुभा पोलिसांना दिली होती.

एचआयव्हीचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे वरून दिसत नाही. म्हणून येथे प्रश्न उभा राहतो, की ही गोष्ट सांगायची कोणी, आणि कोणाला?

गोव्यात या प्रश्नाचा निकाल एकदा फार वाईट रीतीने लागला. डॉमिनिक डिसूझा हा तरुण रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात हे विषाणू सापडले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्याखाली चौसष्ट दिवस एकटे डांबून ठेवले. रोगाची बातमी ज्याची, त्याच्या आधी ती सरकारदरबारी पोचली होती! आईने मुलासाठी कोर्टात धाव घेतली. सुटल्यावर डॉमिनिकने तोंड लपवले नाही. तो उघडपणे बोलू लागला आणि १९९२ साली, मृत्यूपूर्वी थोडे दिवस, त्याने इतर रुग्णांसाठी संस्था काढली. बातमी तीच. पण पोलिसांनी फोडली तेव्हा तिने तुरुंग दिला, आणि त्याने स्वतः सांगितली तेव्हा तिचा दुसऱ्यांना आधार झाला.

पुढे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका मजुराचा खटला आला. अंगात काम करण्याची ताकद असूनही केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारली होती. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि निकालात त्याचे नावही येऊ दिले नाही.

आता २०१७ चा कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कोर्टाच्या हुकुमावाचून कोणालाही आपला आजार सांगायला भाग पाडता येत नाही. शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. मात्र जोडीदाराची गोष्ट वेगळी. त्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणे, गरज तेथे आधी सांगणे, हे रुग्णाचे कर्तव्य आहे. पण सांगितल्यास मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती ज्या बाईला आहे, तिच्यावर कायदा हे ओझे टाकत नाही.

सरकारी औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. ती नेमाने घेऊन विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने तर ती कधीच होत नव्हती.

गुरुजी, उद्या एखादी माय तुमच्याजवळ येऊन लेकराविषयी हळूच काही सांगेल. ते हजेरीपटावर लिहू नका, पारावर बोलू नका. तिला विचारा, "बाई, औषध वेळेवर मिळते ना?" आणि पोराला नेहमीच्या जागेवर, नेहमीच्या सोबत्यांत बसू द्या.