निर्वाहापुरती बिअर

दुर्मीळ बिअरच्या शोधात निघालेल्या रसिकांची एक वाट बेल्जियममधील वेस्टव्लेटरेनच्या ट्रॅपिस्ट मठाकडे जाते. मठ १८३१ सालचा. १९४६मध्ये संन्याशांनी बाजारासाठी बिअर बनवण्याचा परवाना जवळच्या वाटू गावातील कारखान्याला दिला. तो १९९२मध्ये संपला. कारखाना आजही त्याच वळणाची बिअर स्वतःच्या नावाने विकतो, ती दुकानात सहज मिळते. तरीही रसिक मठाच्या दाराशीच गेले. तेथे आधी नोंदणी, मोजकेच क्रेट आणि फेरविक्रीस मनाई. २००५मध्ये रसिकांच्या गुणांकनात ती जगात पहिली आली, तरी संन्याशांनी उत्पादन वाढवले नाही. निर्वाहापुरतेच करायचे, हा त्यांचा नेम. बांधकामाला पैसे लागले, तेव्हा २०१२मध्ये ती अपवाद म्हणून परदेशी दुकानांत गेली. त्यानंतर काही काळ विक्री पुन्हा दारावरच आली.