इंदूरची दारे

मंदिरातून बाहेर पडताना एका शिष्याने येशूला तिथले भव्य दगड दाखवले होते, हे मार्कच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. प्रभूने दगडांना नावे ठेवली नाहीत. ते टिकणार नाहीत एवढेच सांगितले. धर्मशिक्षण वर्गातल्या मोठ्या मुलांना हा अध्याय वाचायला देऊन आम्ही शहर पाहायला निघालो.

लंडनमध्ये १९९२ पासून वर्षातले काही दिवस एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी उघडतात. फ्रान्समध्ये असा उपक्रम १९८४ सालीच सुरू झाला. आपल्याकडे १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. त्यातलेच दोन दिवस आम्ही धरले. जिथे आत सोडतात तिथे आत, नाहीतर रस्त्यावरून.

सुदामा नगरातून पहिला मुक्काम अर्थातच राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. हा वाडा तीनदा जळाला: १८०१, १९०८ आणि १९८४. पहिल्यांदा शिंद्यांच्या फौजेने जाळला, म्हणजे मराठ्यांचा वाडा मराठ्यांनीच. शेवटची आग इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीतली. नंतर तो पुन्हा उभारला. गांधी हॉलपाशी आम्ही फार थांबलो नाही. १९०४ चा हा घंटाघराचा हॉल आधी किंग एडवर्डच्या नावाने होता, १९४८ मध्ये गांधीजींच्या नावाने झाला. दगड तेच, पाटी बदलली.

रविवारी रुळांपलीकडे रेसिडेन्सीच्या बाजूला गेलो, तेव्हा मुलांचे प्रश्न अवघड झाले. आपण ज्याला व्हाइट चर्च म्हणतो ते सेंट अ‍ॅन्स चर्च १८५८ सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जुलै १८५७ रोजी, सआदत खानांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता आणि ड्युरंड साहेबाला इंदूर सोडून पळावे लागले होते. सआदत खान पुढे पकडले गेले. १८७४ मध्ये त्यांना इंदुरातच फाशी दिली. म्हणजे पांढऱ्या भिंतींचे हे शांत देऊळ उभे राहिले ते साहेब लोकांसाठी, बंडाच्या राखेवर. एका मुलाने विचारले, “शाळेत मला ‘इंग्रजांचा धर्म’ म्हणून चिडवतात, ते मग खरेच का?”

झटकून टाकावा असा हा प्रश्न नाही. ते चर्च राज्यकर्त्यांचे होते, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच शहराची दुसरी गोष्टही मुलांना सांगायला हवी. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदुरात आले, तेव्हा बाजारात उपदेश करायला होळकर दरबाराचा विरोध होताच, रेसिडेन्सीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचाही होता. साहेबाला चर्चमधली आपली बाके हवी होती, भर बाजारातले शुभवर्तमान नको होते! मग त्या मिशनने दुसरी दारे उघडली. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या पडद्यातल्या बायकांना त्या तपासू लागल्या, आणि पुढे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहिले. १८८७ मध्ये विल्की साहेबांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढले. किशोरकुमार त्याच कॉलेजात शिकले हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे उजळले. आम्ही कॅथोलिक आहोत, हे मिशन आमचे नव्हे; तरी त्याचा अभिमान आम्हाला वाटतो.

दोन्ही गोष्टी त्या मुलाला सांगितल्या, त्यातली एकही लपवली नाही. शाळेत काय उत्तर द्यायचे ते त्याचे त्यानेच ठरवावे असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आधी दवाखान्याची गोष्ट सांगतो.”

तुमच्यापैकी कोणाच्या आजी-पणजी त्या मिशनच्या रुग्णालयात जन्मल्या असतील, किंवा तिथे नर्स म्हणून राबल्या असतील, तर घरातले जुने कागद, फोटो एकदा काढून पाहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वर्गात मुलांना दाखवायचे आहेत.