नॅरोबोट : इंग्लंडच्या कालव्यांवरचा सात फुटी प्रवास

कालवा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर धरणातून शेताकडे जाणारे पाणी येते. इंग्लंडमधले बहुतेक जुने कालवे मात्र सिंचनासाठी नव्हे, तर मालवाहतुकीसाठी खणले गेले. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते. या पाण्यावर चालणारी लांब, अरुंद आणि सपाट बुडाची बोट म्हणजे नॅरोबोट. तिची रुंदी साधारण ६ फूट १० इंच, म्हणजे २.०८ मीटर, तर लांबी जास्तीत जास्त ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर असते. आपली एसटी बस तिच्यापेक्षा रुंद आणि लांबीला साधारण निम्मी भरेल. एकेकाळी कोळसा वाहणाऱ्या या बोटींवर आज लोक सुट्टी घालवतात, तर हजारो जण कायमचे राहतात.

रुंदी सात फूटच का?

१७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांनी वर्सली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा सुरू केला. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला आणि देशभर कालव्यांची लाट उसळली. या कालव्याचे काम पाहणाऱ्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने पुढे ट्रेंट, मर्सी, सेव्हर्न आणि थेम्स या चार नद्या कालव्यांनी जोडण्याची योजना मांडली.

त्यातला ट्रेंट अँड मर्सी कालवा १७६६ मध्ये हाती घेतला गेला. जोसाया वेजवुड हा प्रसिद्ध कुंभकाम कारखानदार त्याचा मोठा पुरस्कर्ता होता, कारण खडबडीत रस्त्यांवरून जाताना त्याची भांडी फुटत. वाटेत हेअरकॅसलची टेकडी होती. तिच्या पोटातून सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा खणायचा होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च जास्त. शिवाय उंचावर पाणी कमी होते. म्हणून मधल्या भागातले लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले गेले. कालवा पुरा व्हायला १७७७ साल उजाडले; ब्रिंडली त्याआधीच, १७७२ मध्ये वारला होता.

मध्य इंग्लंडमधल्या अनेक कालव्यांनी हेच माप उचलले. मार्गात एक जरी अरुंद लॉक असला तरी त्यातून मावेल एवढीच बोट पुढे जाऊ शकते. त्यामुळे काटकसरीसाठी घेतलेला तो निर्णय आजही प्रत्येक नॅरोबोटीची रुंदी ठरवतो. अशी बोट अरुंद असली तरी सुमारे २५ टन माल नेई आणि काठावरच्या पायवाटेने चालणारा एकच घोडा ती ओढत असे. त्या काळच्या रस्त्यांवर घोडागाडीला याच्या दहाव्या भागाएवढाही माल क्वचितच झेपे.

लॉक कसा चालतो?

कालव्याला चढ चढता येत नाही. त्यामुळे टेकडी आली की पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. अशी प्रत्येक पायरी म्हणजे लॉक, अर्थात जलपाश. दोन्ही टोकांना दारे असलेला हा बांधीव हौद असतो.

वर जाणारी बोट रिकाम्या हौदात शिरते आणि मागचे दार लावले जाते. मग वरच्या बाजूच्या झडपा उघडतात, पाणी आत येते आणि बोट हळूहळू वर उचलली जाते. आतली आणि बाहेरची पातळी सारखी झाली की वरचे दार उघडते. खाली जाताना हाच क्रम उलटा होतो. या कामाला पंप किंवा वीज लागत नाही. बोटीवरचाच माणूस काठावर उतरतो, विंडलास नावाच्या काटकोनी लोखंडी हँडलने झडपा फिरवतो आणि दाराला जोडलेल्या लांब तुळईला पाठ लावून दार ढकलतो. पातळी सारखी होईपर्यंत पाण्याचा दाबच दार उघडू देत नाही.

धोका असतो तो खाली जाताना. वरच्या दाराखाली एक दगडी उंबरठा असतो, तो पाणी उतरल्यावर उघडा पडतो. बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट काही क्षणांत बुडू शकते. म्हणून काठावर पांढरी रेघ आखलेली असते आणि बोट त्या रेघेच्या पुढे ठेवावी लागते. बोट अडकलीच, तर पाणी सोडणाऱ्या झडपा लगेच बंद करणे हा पहिला उपाय.

वेगाचा हिशेब

कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात बोटी त्याहून हळू जातात. वेग वाढला की मागे उठणाऱ्या लाटांनी काठ ढासळतात आणि बांधलेल्या बोटींचे दोर ताणले जातात. त्यामुळे दुसऱ्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करण्याची रीत आहे.

प्रवासाचा अंदाज बांधण्यासाठी बोटवाले मैल आणि लॉक यांची बेरीज करतात. एक लॉक पार करायला साधारण एक मैल जाण्याइतका वेळ धरतात. तासाभरात अशी तीन ते चार एकके पार होतात. वूस्टर ते बर्मिंगहॅम हा कालवा सुमारे ३० मैलांचा आहे आणि त्यावर ५८ लॉक आहेत. बेरीज ८८, म्हणजे २२ ते २९ तास. रोज सात तास बोट चालवली तर तीन-चार दिवस लागतात. त्यातल्या टार्डबिग येथे तर एकापाठोपाठ ३० लॉक आहेत.

बोट सुकाणूच्या दांड्याने वळवतात. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. समोरून बोट आली तर आपण उजवी बाजू धरायची. रस्त्यावर डावीकडून जाणाऱ्या इंग्रजांना हे उलटे वाटते. भाड्याच्या बोटीसाठी चालक परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीचे लोक सगळे समजावून देतात.

बोटीवरची कुटुंबे

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कालव्यांचे भाडे पडले. घरभाडे वाचवण्यासाठी आणि मजुराऐवजी घरच्याच माणसांचे हात मिळावेत म्हणून अनेक बोटवाल्यांनी बायकामुलांना बोटीवर आणले. मागच्या टोकाला साधारण दहा फूट लांब आणि सात फुटांहून कमी रुंद अशी खोली असे. तिथेच चूल, बिछाना आणि संसार. बोट सतत फिरती असल्यामुळे मुलांची शाळा होत नसे. १८७७ आणि १८८४ च्या कायद्यांनी राहत्या बोटींची नोंदणी आणि पाहणी सुरू झाली. आज नॅरोबोटींवर दिसणारी गुलाब आणि किल्ल्यांची रंगीत चित्रे ही याच कष्टकरी कुटुंबांची परंपरा आहे.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

विसाव्या शतकात मालमोटारींनी उरलेला धंदाही नेला. १९४४ मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आले आणि मरणपंथाला लागलेल्या या जगाकडे लोकांचे लक्ष गेले. १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन आदींनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन केली. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि नॅरोबोटींच्या मालवाहतुकीला शेवटचा मोठा धक्का बसला.

पुढे स्वयंसेवकांनी गाळ उपसला, लॉक दुरुस्त केले आणि बुजवलेले कालवे पुन्हा खुले केले. केनेट अँड एव्हन कालवा १९९० मध्ये, तर हडर्सफील्ड नॅरो कालवा २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या जलमार्गांवर आज सुमारे ३५ हजार बोटी आहेत.

आजचे प्रश्न

बोटीवर राहणाऱ्याला परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. टाकीत पाणी भरणे, शौचालयाची टाकी रिकामी करणे, शेगडीसाठी कोळसा किंवा लाकूड आणणे ही नेहमीची कामे. कायमस्वरूपी धक्का नसेल, तर १९९५ च्या कायद्यानुसार बोट सहसा एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हिंडण्याची हौस असलेल्यांना हा नियम सोयीचा आहे. मात्र घरभाडे परवडत नाही म्हणून बोटीवर आलेल्यांना नोकरी, मुलांची शाळा आणि दवाखाना सांभाळून सतत जागा बदलावी लागते. २०२४ पासून अशा बोटींच्या परवान्यावर जादा आकारणीही सुरू झाली.

दुसऱ्या बाजूला ट्रस्टचीही ओढाताण आहे. २०२७ पासूनचे सरकारी अनुदान हळूहळू कमी होत जाईल, असे २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. लॉक, बांध आणि जलाशय मात्र दोनशे वर्षांचे झाले आहेत. २०१९ मध्ये व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रूक जलाशयाच्या धरणाचा सांडवा खचला आणि सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. हा जलाशय कालव्याला पाणी पुरवण्यासाठीच बांधलेला होता.

पाण्याचा प्रश्नही जुनाच आहे. अडीच मीटर उंचीचा एक अरुंद लॉक एकदा वापरला की एक लाख लिटरहून अधिक पाणी उंचावरून खाली जाते. पाऊस कमी झाला की जलाशय खालावतात आणि लॉक बंद ठेवावे लागतात. दुप्पट रुंदीच्या लॉकला याच्या साधारण दुप्पट पाणी लागते. म्हणून तिथे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी लावून एकाच पाण्यात नेतात. पुढच्या बोटीसाठी थोडा वेळ थांबणे हा आता तिथला शिष्टाचार झाला आहे.